धोंड्याचं वाण आणि आमची मोटरसायकल

आमची मोटरसायकल आजवर एकच दिवस नीट चालली. तो दिवस सोडला, तर माझी तिच्याबद्दल काहीही तक्रार नाही.

ही गाडी मला लग्नात मिळाली. दिली सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी. तात्यांची दिंडोरीला द्राक्षाची बाग आहे, आणि बागेवर आहे तेवढाच त्यांचा या गाडीवर जीव. फोन आला की पहिला प्रश्न, "जावईबापू, गाडी कशी हाय?" मग पाऊसपाणी. मग फोन ठेवता ठेवता आठवलंच तर पोटच्या मुलीची चौकशी. आणि मी इतकी वर्षं न चुकता एकच उत्तर देत आलो, "एकदम मस्त, तात्या!" सासऱ्याने दिलेल्या वस्तूला जावयाने नावं ठेवायची नसतात, हे आईने मला मुंडावळ्या बांधता बांधता बजावलं होतं. वस्तू म्हातारी झाल्यावर काय करायचं, ते सांगायच्या आत वरात निघाली.

आणि गाडी म्हातारी झाली होती. डावा इंडिकेटर एकदा लागला तो लागलाच. त्यामुळे नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या घरापासून अंबडच्या कारखान्यापर्यंत मी रोज डावीकडे वळत असायचो (आणि मागून येणारे रोज माझ्यावर विश्वास ठेवायचे). पेट्रोलचा काटा 'टाकी फुल्ल' दाखवून जो झोपला, तो पुन्हा उठला नाही. साइड स्टँड भार पडला की आपला आपण मिटायचा, म्हणून मी डिकीत एक वीट ठेवली होती. कुठेही पोहोचलं की आधी वीट काढायची, इंजिनखाली सरकवायची आणि मग लोकांना नमस्कार करायचा. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन रोज डिकी उघडून विचारायचा, "साहेब, बांधकाम कुठवर आलं?"

शेवटी मी आमचे मेकॅनिक बाळूशेठ यांना सरळ विचारलं.

"बाळूशेठ, इंजिनचं काम काढू, का नवीन गाडी घेऊ?"

बाळूशेठनी गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. दोघांपैकी कोणाची दया जास्त आली ते कळलं नाही.

"साहेब, आजोबांना नवीन कवळी बसवली म्हणून काय आजोबा ऊस खाणारेत का?"

"म्हणजे विकू?"

"विकू नाही म्हणालो मी. घेणार कोण? कुठं तरी लावा आणि मागं न बघता घरी या."

मला तर हेच हवं होतं. मी कधीपासून एका नव्या गाडीवर डोळा ठेवून होतो. बटण दाबलं की सुरू होणारी, आणि वळायचं असेल तेव्हाच वळते म्हणणारी. घरी येऊन बायकोला, सुनंदाला, बाळूशेठचं मत सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं.

"घ्या की नवीन. मी कुठे नाही म्हणते?"

"मग तात्यांना सांगतेस ना?"

"मी? गाडी तुम्हाला दिलीय त्यांनी. तुम्ही सांगा."

"मी कसं सांगू? मी जावई आहे."

"आणि मी मुलगी आहे. त्यांना वाईट वाटलं तर ते मला बघवणार आहे का?"

रोज रात्री जेवणाच्या ताटावर आमची चर्चा इथपर्यंत यायची आणि गाडीसारखीच बंद पडायची. तात्यांचं मन मोडायचं नव्हतं आणि मला गाडी तर हवी होती. अशात अधिक महिना आला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा धोंड्याचा महिना म्हणजे आम्हा जावयांचा सीझन. सासुरवाडीला बोलावणं, पाटावर बसवून पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारशांचं वाण आणि वर काहीतरी आहेर. तात्यांचा फोन आला, "जावईबापू, रविवारी या. गाडीवरच या. लय दिवस झाले तिला बघून."

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण काही बोलायचंच नाही! गाडी तशीच न्यायची, एक नट न आवळता. वाटेत किंवा तात्यांच्या दारात ती बंद पडणार, यात शंकाच नव्हती. घामाघूम लेक आणि गाडी ढकलणारा जावई बघून तात्या स्वतःच म्हणणार, "अहो, काढून टाका ही पीडा!" त्यांनी म्हटलं की माझ्यावर दोष नाही. सगळं कसं मनासारखं जुळून आलं होतं. शनिवारी तर गाडी सुरूच झाली नाही. मी शीळ घालत कंपनीच्या बसने कामावर गेलो.

रविवारी सकाळी किक मारायला पाय उचलला. साधारणपणे शेजारचे काका पूजा आटोपून बाहेर येईपर्यंत माझ्या किका चालायच्या. त्या दिवशी गाडी पहिल्या किकेला सुरू झाली. मला दचकायला झालं.

"चला," सुनंदा मागे बसत म्हणाली. "उन्हाच्या आत पोचू."

"पोचू की नाही कोण जाणे," मी आशेने म्हणालो.

म्हसरूळ मागे पडलं, गाडी चालते आहे. मी चहाच्या निमित्ताने थांबलो, मुद्दाम बंद केली, चहा सावकाश प्यायलो. परत आलो तर अर्ध्या किकेत सुरू. पुढे रामशेज किल्ल्याच्या बाजूचा चढ आला. एरवी या चढावर सुनंदाला उतरून चालावं लागायचं आणि ती माझ्या आधी वर पोहोचायची. मी मुद्दाम चौथ्या गिअरमध्ये चढ घेतला. गाडी नुसती कुरकुरलीसुद्धा नाही. मग मी खड्डे शोधायला लागलो.

"अहो, खड्डा!"

"बघितला."

"मग त्यातून का नेताय?"

"रस्ता त्यातूनच आहे."

पोहोचलो एकदाचे. तात्या अंगणात उभेच होते. मी सवयीने डिकीत हात घातला तर वीट नाही, तिथे सुनंदाची साडीची पिशवी. "काढून टाकली मी ती," सुनंदा हळूच म्हणाली. "माहेरी येताना नवरा विटा घेऊन आलेला नको दिसायला." आणि स्टँड? स्टँड शिपायासारखा ताठ उभा. माझ्या डोक्यात तेव्हाच काहीतरी यायला हवं होतं, पण ऊन फार होतं.

तात्या गाडीभोवती एक फेरी मारून आले. "आवाज बघा हिचा! गाडी ठेवावी तर आमच्या जावयानं."

आता शेवटचा उपाय उरला होता. गाडी माझ्या हाताखाली लाजत असेल, दुसऱ्याच्या हातात तरी नखरे करेल.

"तात्या, तुम्हीच एक चक्कर मारून बघा ना."

तात्यांना तेच हवं होतं. धोतराचा काचा आवळला आणि गेले बागेकडे. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तात्यांचा पत्ता नाही. सासूबाई दोनदा दारात येऊन डोकावून गेल्या. "कुठं गेले बाई हे?" मी चेहरा गंभीर ठेवून गोठ्याशेजारच्या सावलीत बसलो होतो. तिथे ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवलेलं होतं. फवारणीचा नवा पंप असावा म्हणून मी त्याला टेकलो आणि मनातल्या मनात माझ्या नव्या गाडीचा रंग ठरवायला घेतला. निळा जवळजवळ पक्का झाला होता, तेवढ्यात बागेकडून आवाज आला. तात्या येत होते. मागे दोन मजूर, पुढे टाकीवर खताची गोणी, आणि तात्यांच्या तोंडावर लग्नातल्या फोटोत होतं तसं हसू.

"लय पळते, जावईबापू! चिखलातनं काढली, पाटावरनं काढली. आमचा ट्रॅक्टर रुतला होता त्याच्या बाजूनं काढली!"

मी निळ्या रंगाचा विचार सोडून दिला आणि जेवायला बसलो.

जेवण मात्र असं झालं की गाडीचं दुःख विसरावं. सासूबाईंनी धोंडे वाढताना हात आखडला नाही, मी खाताना तोंड आखडलं नाही. मग मला पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि तात्यांनी अनारशांचं ताट माझ्या हातात दिलं. अनारशांवर एक छोटी डबी होती. उघडली. आत किल्ली.

"या," म्हणून तात्यांनी मला हाताला धरून गोठ्याशेजारी नेलं आणि ताडपत्री ओढली. मी ज्याला टेकून रंग ठरवत होतो, ती नवीकोरी मोटरसायकल होती. बटणाची. निळी!

"पोरीच्या लग्नात दिली ती आता म्हातारी झाली असंल, असं वाटलं," तात्या म्हणाले. "म्हणून ही घेतली धोंड्याला. घ्या."

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आहेर समोर आला की जावई लगेच हात पुढे करत नाही. आधी 'नको' म्हणायचं असतं. मग समोरचा आग्रह करतो, आपण पुन्हा 'नको' म्हणतो, तो पुन्हा आग्रह करतो, आणि तिसऱ्यांदा आपण मोठ्या नाइलाजाने वस्तू घेतो. आमच्याकडे पाचपन्नास रुपयांचा टॉवेलसुद्धा याशिवाय कोणी घेत नाही. माझं मन त्या निळ्या सीटवर कधीच जाऊन बसलं होतं, पण तोंडाने आपलं वळण सोडलं नाही.

"अहो तात्या, कशाला उगाच एवढं? आपली जुनी आहे की चांगली. नको, नको."

सुनंदाने माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, भावनेच्या भरात दिला असेल.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "मघाशी तिच्यावर बसलो तवाच कळलं, तुम्ही तिला किती जपता ते. मागल्या धोंड्याला तुम्ही अंगठी नको म्हणालात, आम्ही बळंच बोटात घातली. मग सुनंदानं सांगितलं, ती तुमच्या बोटातनं निघेना, साबण लावून काढावी लागली. लय वाईट वाटलं मला. तवाच ठरवलं, पुन्हा जावयाचं मन मोडायचं नाय. नको तर नको."

आणि त्यांनी किल्ली माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. मी दुसऱ्या 'नको'साठी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. तिसऱ्या खेपेचं 'बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर' हे वाक्य तर मी अगदी तयार ठेवलं होतं. ते कुठे वापरायचं हे मला अजून सुचलेलं नाही. आग्रह करण्यात पटाईत असलेल्या सासूबाई नेमक्या तेव्हा आत अनारसे बांधत होत्या.

परतीच्या वाटेवर रामशेजचा चढ उतरलो. मग सुनंदा म्हणाली, "काल तुम्ही बसने गेल्यावर बाळूशेठना घरी बोलावलं मी. दिवसभर बसून सगळं करून घेतलं. म्हटलं, माझ्या माहेरच्या दारात तुम्हाला गाडी ढकलायला लागू नये. तुमची मान खाली जाईल."

"अगं, पण मला ती ढकलायचीच होती!"

मी माझा बेत सांगितला. मग मागून खुसखुस ऐकू आली, मग खो खो, आणि ती इतकी हसायला लागली की गाडी हलायला लागली. मी रस्त्याच्या कडेला थांबलो. कोणाच्या तरी टोमॅटोच्या शेताकडे तोंड करून आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. माझी मान खाली जाऊ नये म्हणून माझ्या नकळत दिवसभर खपणारी बायको आणि माझं मन मोडू नये म्हणून नवी गाडी परत घेणारा सासरा, दोघंही माझ्याच वाट्याला आली होती. फक्त गाडी तेवढी आली नव्हती.

सोमवारी सकाळी अंबडला जाताना जुनी गाडी गंगापूर रोडच्या पहिल्याच सिग्नलला बंद पडली. डावा इंडिकेटर तेवढा चालू झाला. वीट पुन्हा डिकीत गेली.

तात्यांना मात्र निळी गाडी फारच मानवली आहे. आता ते दर आठवड्याला नाशिकला येतात. परवा मी गाडी ढकलत चाललो होतो, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि शेजारी निळी गाडी येऊन थांबली.

"जावईबापू! चालत?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, तात्या."

"मग गाडी कशाला संगं?"

"तिला सोडून करमत नाही."

तात्यांनी डोळे पुसले. म्हणाले, "असा जीव लावणारा माणूस नाय बघितला मी. चला, आज बसा मागं. ती लावा इथं बाजूला, तुम्हाला अंबडला सोडतो."

ऊन मी म्हणत होतं. अंबड अजून लांब होतं. मागची निळी सीट रिकामी होती. आणि माझ्या तोंडाने, मला न विचारता, उत्तर देऊन टाकलं, "अहो तात्या, कशाला उगाच?"

तात्यांनी जावयाचं मन मोडलं नाही. बटण दाबलं आणि निघून गेले.