यूसुफभाईंचा धबधबा

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही, ते आपोआप साचतात. माझ्या महाडच्या फोटो स्टुडिओत एक खोका आहे. गिऱ्हाइकं न्यायलाच आली नाहीत असे फोटो त्यात पडून आहेत. कधी आवरायला बसलो की एकेक चेहरा वर येतो आणि आवरणं राहतं बाजूला! आमच्या रविवारच्या ट्रिपांचं तसंच आहे. चहाला दोन मित्र जमले की कोणीतरी म्हणतं, "तो हत्तीचा सांग ना," आणि बघता बघता दुकान बंद करायची वेळ होते.

आधी मंडळींची ओळख करून देतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गौरी-गणपती उरकले की दिवाळीपर्यंत आम्ही तिघं दर रविवारी लोकांना धबधबा दाखवायला न्यायचो. गाडी यूसुफभाईंची. कुवेतला ट्रेलर चालवून परत आलेला माणूस, आल्यावर ट्रॅक्स जीप घेतली. फोटो माझे. आणि वाट दाखवायला गंगाराम, वरच्या वाडीतला. भात आणि नाचणी करणारा, बोलायला लागला की न थांबणारा.

सकाळी महाडहून निघायचं, पोलादपूरला मिसळ खायची, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागायचं आणि मध्येच एक फाटा धरायचा. कच्चा रस्ता एका जांभळीखाली संपतो, तिथे गाडी उभी. पुढे चढण. चढणीवर वाडी, वाडीच्या वर कातळाचा मोठा माळ, माळावर चित्रविचित्र दगड, आणि माळाच्या टोकाला दरीपलीकडे तो धबधबा.

यूसुफभाई जांभळीच्या पुढे कधी गेलेच नव्हते. कुवेतला त्यांच्या गुडघ्यावर लाकडी खोका पडला होता. गाडी चालवताना गुडघा गुणी मुलासारखा वागायचा, चढ म्हटला की संपावर! दर रविवारी लोकांना धबधब्याकडे पाठवणाऱ्या या माणसाला तो एकदा डोळ्यांनी बघायचा होता. त्यांनी ते कधी लपवलं नाही. "मेल्यावर जन्नतचं बघू," म्हणायचे, "आधी हा वरचा दाखवा रे!"

* * *

माळावर दोन उंच दगड आहेत, एकमेकांकडे पाठ करून उभे. गंगाराम त्यांना 'दोन जावा' म्हणायचा. चुलीवरून भांडल्या, पाठ फिरवली, ती फिरवलीच, अशी त्याची गोष्ट.

एकदा महाडचंच एक कुटुंब आलं. त्यात खऱ्याखुऱ्या दोन जावा. गोष्ट ऐकून दोघी खूप हसल्या. मला म्हणाल्या, "आमचा ह्यांच्यापुढे फोटो काढा." मी कॅमेरा लावला. थोरली म्हणाली, "हा पुढचा दगड म्हणजे मी." धाकटी म्हणाली, "का? पुढचाच का?"

संपलं! फोटो राहिला, डबे उघडायचे राहिले. दोघी माळ उतरल्या त्या दोन वेगवेगळ्या वाटांनी. जांभळीखाली यूसुफभाईंनी त्यांना येताना पाहिलं. गाडीत एक पुढे बसली, एक मागे, तोंडं दोन बाजूंना.

यूसुफभाई मला हळूच म्हणाले, "दगड बघून आल्या, का घेऊन आल्या?"

* * *

आता तो हत्ती. माळावर एक दगड आहे, त्यात हत्ती दिसतो. पण एकाच जागेवरून दिसतो, आणि तिथे गंगाराम प्रत्येकाला खांदे धरून उभा करायचा. "हा कान. ही सोंड. दिसला?" लोक "हो हो" म्हणायचे. अर्ध्यांना दिसत नसावा, पण मागे रांग असायची.

एका बँकेचे मॅनेजर आले होते, फार सरळ माणूस. ते "हो" म्हणेनात. उभे राहिले, बसले, चष्मा काढला, पुसला, घातला. बाकी सगळे धबधबा बघून परत आले तरी साहेब तिथेच! शेवटी हात जोडून म्हणाले, "गंगाराम, मला खोटं बोलता येत नाही. नाही दिसत."

पुढच्या आठवड्यात फोटो न्यायला स्टुडिओत आले. पाकीट उघडलं आणि खुर्चीतच बसले. फोटोत हत्ती होता. सोंड, कान, अगदी पापणीसुद्धा! पुष्कळ वेळ बघत राहिले. बाहेर पाऊस पडत होता, दुकानात आम्ही दोघंच. मग पाकीट खिशात ठेवत शांतपणे म्हणाले, "आहे. पण मी होतो तेव्हा नव्हता."

* * *

आता तुम्ही म्हणाल, यूसुफभाई दिवसभर जांभळीखाली करायचे काय? तर ते धबधबा दाखवायचे!

खरंच सांगतो. दर ट्रिपला दोन-चार माणसं चढत नाहीत. कोणाची कंबर, कोणाच्या उंच टाचा. ती यूसुफभाईंपाशी थांबायची. यूसुफभाई थर्मासमधला चहा ओतायचे आणि बोलायला लागायचे. वर धार कशी निघते, वारा आला की काय होतं, खाली डोहात कसा आवाज येतो. सावलीत बसलेल्या माणसांचे डोळे हळूहळू मिटायचे. मी एकदा रोल विसरलो म्हणून परत आलो, तर तिथे सगळे डोळे मिटून बसलेले आणि एका आजोबांनी छत्री उघडलेली! आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

हे सगळं त्यांना कळायचं कुठून? उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला ते विचारायचे, "आज कसा होता?" दवाखान्यातून आलेल्या माणसाला नातेवाइकाची तब्येत विचारावी, तसं. कोणी काय सांगायचं, कोणी काय. सगळं आत जमा व्हायचं.

त्या छत्रीवाल्या आजोबांची मुलं-नातवंडं संध्याकाळी चिखलाने माखून खाली आली. "काही नाही हो बाबा, पाणी आहे नुसतं. आणि जळवा!"

आजोबा छत्री मिटत म्हणाले, "तुम्ही नीट बघितला नाहीत."

* * *

एका रविवारी मोहल्ल्यातल्या बायकांची ट्रिप निघाली. त्यात खदीजाभाभी, म्हणजे यूसुफभाईंच्या पत्नी. त्या दिवशी यूसुफभाईंना चैन नव्हती. आपल्याच घरातलं माणूस बघून येणार! दुपारभर गाडी पुसत होते, पुसलेली परत पुसत होते. भाभी खाली आल्या तशा ते लंगडत पुढे गेले.

"कसा हाय गो?"

भाभींनी चपलेतला खडा झटकला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पानी हाय. वरनं पडतं."

फडकं उचलून यूसुफभाई पुसलेली काच परत पुसायला लागले.

मला फार वाईट वाटलं. मी लग्नांची शूटिंगंही करायचो, तेव्हा पुढच्या रविवारी व्हिडिओ कॅमेराच वर नेला. धबधबा शूट केला, संध्याकाळी त्यांच्या घरी टीव्हीला लावला. पोरंबाळं, शेजारीपाजारी, सगळे जमले. यूसुफभाई खुर्ची पुढे ओढून बसले. पडद्यावर पांढरी रेघ थरथरत होती, वाऱ्याचा खरखराट येत होता.

थोडा वेळ बघून त्यांनी विचारलं, "हाच? नक्की?"

"हाच."

"हा नसंल," ते म्हणाले आणि उठले. तेवढ्यात धबधबा संपून त्याच कॅसेटवरची एका लग्नाची जुनी वरात सुरू झाली. भाभी म्हणाल्या, "राहू द्या, हे बरं हाय!"

* * *

मग ते वर्ष आलं. डॉक्टरांनी यूसुफभाईंना सांगितलं, दिवाळीनंतर गाडी चालवणं बंद. ट्रॅक्स विकायची ठरली. म्हणजे जांभळीखालचा हा शेवटचा सीझन. माणूस हसत होता, थट्टा करत होता, पण आम्ही वर निघालो की आमच्या पाठीकडे बघत राहायचा. ते बघवत नव्हतं.

गंगाराम एका रविवारी म्हणाला, "भाई, डोलीतनं नेऊ तुमाला."

डोली म्हणजे बांबूला बांधलेली घोंगडी. वाडीला रस्ता नाही, तेव्हा आजारी माणूस तिच्यात घालून चौघं खाली आणतात. यूसुफभाई आधी नको नको म्हणाले. मग म्हणाले, "पडणार नाय ना?" मग म्हणाले, "कवा?"

पुढच्याच रविवारी वाडीतले चार गडी सकाळी जांभळीखाली हजर. ठाण्याचा एक ग्रुप होता, तीही मंडळी खूश. यूसुफभाईंनी नवा शर्ट घातला होता, अत्तर लावलं होतं. डोलीत आडवे झाले. भुरभूर सुरू झाली म्हणून गंगारामने त्यांच्या अंगावरून, तोंडावरून चादर ओढली.

आणि इथेच घोळ झाला! वाडीत डोली भरून खाली जाते. माणूस बरा झाला तर आपल्या पायांनी चढून येतो. भरलेली डोली वर येते ती फक्त मढं घेऊन. वाडीतल्या प्रत्येक घरचं कोणी ना कोणी मुंबईला. पहिल्या घराच्या अंगणात म्हातारी यशोदाआजी वाळत घातलेलं भात गोळा करत होती. तिने वळणावर डोली बघितली, वर चादर बघितली, आणि कपाळावर हात मारून हंबरडा फोडला.

घराघरांतून बायका धावत आल्या. "कोन गो? कुनाचा गो?" कोणी सांगेना. ज्या त्या बाईला आपलाच वाटला. एकीने नवऱ्याचं नाव घेतलं, एकीने मुलाचं. सगळी वाडी रडायला लागली. डोलीवाले भांबावून उभेच राहिले. गंगाराम ओरडत होता, "अगो तसं नाय, तसं नाय!" पण ऐकतंय कोण? माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि मला तर आत कोण आहे ते माहीत होतं!

चादर हलली. यूसुफभाई उठून बसले.

"एवढं रडताय माझ्यासाठी," ते म्हणाले, "तर चहा तरी टाका!"

बायका रडता रडताच हसायला लागल्या. आजी मात्र काठी घेऊन डोलीपाशी आली. "मेला नाईस तर निजून कशाला आलास रे?" म्हणाली, आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. चहा झाला. प्रत्येक घरातून थोडा थोडा, नको म्हणायची सोय नव्हती.

* * *

माळावर पोचलो तर धुकं. आधी विरळ होतं, मग दाट झालं. हत्ती गेला, दोन जावा गेल्या. गंगारामने अंदाजाने टोक गाठलं आणि यूसुफभाईंना कातळावर बसवलं. समोर पांढरं. धबधब्याचा आवाज तेवढा येत होता, सगळ्या बाजूंनी.

"निघंल, निघंल," गंगाराम म्हणत राहिला. धुकं काही निघेना. दुपार उलटली. ठाण्याची मंडळी कंटाळली. गंगारामचा चेहरा तर रडवेला. सगळ्यात शांत यूसुफभाईच होते. गुडघ्यावर हात ठेवून पांढऱ्यात बघत होते.

ठाण्याच्या ग्रुपमधली एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही खाली सगळ्यांना सांगता म्हणे. आम्हाला सांगा ना."

आणि यूसुफभाई सांगायला लागले.

"वरनं निघताना एकच धार हाय. अगदी बारीक, लाजलेली. मधी कपारीवर येते तिथं तिच्या तीन होतात. डावी खडकाला धरून उतरते, घाई नाय तिला. उजवी उडी मारते. आनि मधली, वारा आला का खालीच येत नाय. अर्ध्यातनं वळते आनि परत वर जाते, कायतरी विसरली असं. आता बगा, वारा आला. गेली. गेली वर!"

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. देवाशपथ! तोंडावर तुषार आले. जन्मापासून तो धबधबा बघितलेला गंगाराम माझ्या दंडाला धरून उभा होता आणि पांढऱ्यात डोळे फाडून बघत होता.

सांगून झालं. यूसुफभाईंनी रुमालाने चेहरा पुसला. "चला, अंधार व्हायच्या आत उतरू."

चौघांनी डोली उचलली, तोंड वाडीकडे. दहा पावलं गेलो असू. मागून ती मुलगी किंचाळली. वळून बघितलं तर धुकं मधोमध फाटलं होतं आणि समोर अख्खा धबधबा उभा होता, वरपासून खालपर्यंत, उन्हात. सगळे मागे पळाले. मी कॅमेरा काढला.

गंगाराम डोलीपाशी धावला. "भाई, निघाला! थांबा, डोली फिरवतो. फिरवा रे, फिरवा!"

यूसुफभाईंनी बांबू घट्ट धरला. मान वळवली नाही.

"राहू दे रे गंगाराम," ते म्हणाले. "माझा ह्याच्याहून उंच हाय. चल."