गाव रत्नागिरी, मुक्काम विरार

अन्याय झाला तो माझ्या मामीवर. गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात. ऑपरेशनचे कपडे चढवून तिला नेलं आणि तसंच परत आणून पलंगावर निजवलं. दोन पिशव्या रक्त हवं होतं, रक्तपेढीत तिच्या गटाची एकच होती. रक्तस्रावानं ती आधीच पांढरीफटक पडलेली. डॉक्टर म्हणाले, "दुसरी पिशवी हाताशी आल्याशिवाय मी सुरी लावणार नाही." त्यांचं बरोबरच होतं.

चूक आमच्या रक्तदान मंडळाची होती. आमच्याकडे जिल्ह्यातल्या रक्तदात्यांची यादी आहे. पूर्वी फोन करकरून आमचे घसे बसायचे. आता ते काम एक एआय एजंट करतो. त्याला गरज कळवायची, मग तो स्वतः डेटाबेसमध्ये शोधतो आणि दात्यांना निरोप धाडतो. मी आदल्या दिवशी लिहिलं होतं, ओ निगेटिव्ह हवंय, रत्नागिरीत. उत्तर आलं, रत्नागिरीचे दाते मिळाले, त्यांनी होकारही दिलाय. आम्ही निर्धास्त.

मंगळवारी दुपारी ऐन वेळी फोन लावले, तर एक जण विरारला, दोघे डोंबिवलीला आणि एक बोटीवर, भर समुद्रात. निरोपात कुठे आणि कधी यायचं ते नव्हतंच, म्हणून सगळ्यांनी हो म्हटलेलं. डोंबिवलीचे म्हणाले, रजा मिळाली तर येतो.

मामा माझ्यावरच उखडला. "तुझ्या त्या यंत्राक सांग बाय, विरारवरनं हात लांब कर म्हणावं!"

हा एजंट ज्या साधनानं यादीत शोधतो, ते माझ्या मैत्रिणीनं बनवलेलं. ती लॅपटॉप घेऊन दवाखान्यात आली. आम्ही कँटीनमध्ये बसलो.

"एआय असंच ठोकून देतो गो कधी कधी," ती म्हणाली.

"तू त्याला काय सांगून ठेवलंयस ते दाखव आधी."

तिनं दाखवलं. साधनाला जोडलेलं वर्णन होतं, "गाव आणि रक्तगटावरून दाते शोधते." संपलं! साधन काय करतं, कधी वापरायचं, हे एजंट त्या वर्णनावरूनच ठरवतो. त्याच्यापाशी दुसरं काही नसतं. आता आमच्याकडच्या माणसाला गाव विचारा. त्याचा जन्म विरारला गेला, पोरं तिथल्या शाळेत शिकली, तरी तो राजापूरच सांगणार. खोटं नाही बोलत तो. त्याचं गाव तेच आहे.

"हे तर सगळ्यांना माहीत असतं," मैत्रीण म्हणाली.

"सगळ्यांना म्हणजे आपल्याला. तो एजंट काय शिमग्याला गावी पालखी नाचवायला येतो?"

तिला हसू आलं. मला नाही आलं. मी मंडळाची पत्रकं लिहून लिहायला शिकलेली मुलगी. एसटी स्टँडवर पत्रक हातात घेणारा माणूस मला परत येऊन विचारत नाही, ताई, याचा अर्थ काय? म्हणून जे लिहायचं ते तिथंच पुरतं लिहायचं. मी सांगत गेले, ती टाइप करत गेली.

"हे साधन दात्याचं मूळ गाव आणि रक्तगट पाहून नावं देतं. मूळ गाव म्हणजे राहण्याचं ठिकाण नव्हे. दाता आज कुठे आहे, हे यादीत नाही. तातडी असेल तर गावाची अट लावू नकोस. त्या गटाच्या प्रत्येकाला कुठे आणि कधी यायचं ते सांग, आणि तो आज कुठे आहे ते विचार. होकार आणि ठिकाण दोन्ही आल्याशिवाय दाता मिळाला असं म्हणू नकोस. कुणीच नाही मिळालं तर तसं स्पष्ट सांग."

"केवढं लांबलचक झालं गो!"

"वर जाऊन मामीला विचार, तिला लांब वाटतंय का."

तिनं ते तसंच ठेवलं. मग तिनंच आणखी एक ओळ घातली, "शेवटच्या रक्तदानाच्या तारखेची जागा रिकामी असेल तर नोंद नाही असं समज, कधी दिलंच नाही असं नव्हे." ही मला सुचली नसती.

एजंटला पुन्हा कामाला लावलं. चहा संपायच्या आत उत्तर आलं, एक दाता भाट्याला आहे, निघाला आहे.

भाट्याला! खाडीवरचा पूल ओलांडला की दवाखाना. स्कूटरवरून एक गृहस्थ आले, हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागले, "मी हितंच नोकरीला हाय की हो, लई वर्सं झाली. कुनी इचारलंच न्हाई!" यादीत त्यांचं गाव कोल्हापूरकडचं. पहिल्या शोधात ते आलेच नव्हते.

मामानं डॉक्टरांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घाटावरचं रक्त चालतंय ना?"

मामीनं पलंगावरून ऐकलं. "चालतंय. पण उद्या मला तांबडा रस्सा खावासा वाटला, तर तुम्ही रांधायचा."

मी तिथल्या तिथे हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसलंही नाही.

रक्ताच्या तपासण्या आटोपल्या आणि गुरुवारी ऑपरेशन झालं. आज मामी ओट्यापाशी उभी राहून बांगडे साफ करते आणि मामा मध्ये लुडबुडला की त्याच्यावर ओरडते. तो आवाज ऐकला की अजूनही बरं वाटतं.

तुम्ही अशी साधनं बनवत असाल तर तुम्हालाच सांगते. तुमचं ते एका ओळीचं वर्णन आज उघडा. रत्नागिरी कधी न पाहिलेल्या माणसाला ते वाचायला द्या. तो जिथे अडेल तिथे लिहा. साधन काय देतं ते लिहा, काय देत नाही तेही लिहा. "सगळ्यांना माहीत असतं" म्हणून जे गाळलंत, ते आधी लिहा. पुढची मामी ऑपरेशनचे कपडे घालायच्या आत लिहा.