शेंदूर लावलेला रोमन देव

परदेशातल्या पापाकुरा गावच्या फार्मसीत मी नोकरीला होतो तेव्हा एक निवृत्त रेल्वे क्लार्क दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला यायचे. भर थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. "किया ओरा" असा तिथला नमस्कार करून ते खिशातली काड्यापेटी उघडायचे. आत कापसावर ब्राँझची रोमन नाणी असायची. एकावर युद्धदेव मार्स, दुसऱ्यावर प्रेमदेवता व्हीनस.

मी हिंदू, म्हणजे देवांमधला तज्ज्ञ, अशी त्यांची समजूत होती. "दोघांना एकाच पेटीत ठेवलं तर चालेल ना?" ते हळूच विचारायचे.

एकदा त्यांनी अगदी झिजलेलं नाणं आणलं. त्यावरचा चेहरा पुसून गेला होता.

"हा देव कोण, हे आता कुणालाच माहीत नाही," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मला राहवलं नाही. "आमच्याकडे बिनचेहऱ्याच्या दगडालाही शेंदूर लावतात. तेवढ्यानं तो देव होतो."

पुढच्या महिन्यात नाणं शेंदरानं माखलेलं होतं. शेंदूर त्यांनी पुकेकोहे गावातल्या इंडियन दुकानातून आणला होता. आता हे नाणं कुणी संग्राहक घेणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"बरा दिसतोय?" त्यांनी विचारलं.

दुकानात रांग होती. मी पांढऱ्या कोटातच नाण्याला हात जोडले. त्यांच्या मागच्या गिऱ्हाइकानं, काय चाललंय ते न कळताच, डोक्यावरची टोपी काढली.