धुळीची डॉक्टर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला संशोधनाला प्रवेश मिळाला, आणि बाबांनी अख्ख्या हेंद्रेपाड्याला सांगून टाकलं, "पोरगी धुळीची डॉक्टर होणार." विषय मीच त्यांना समजावला होता. ताऱ्यांच्या मधल्या जागेत बारीक धूळ असते, साध्या उजेडात ती नुसती काळी दिसते, पण अवरक्त किरणांत तिची ऊब टिपता येते. एवढं आकाश उलगडून सांगितलं आणि यांनी उचलली ती धूळच! मला भयंकर राग यायचा.

बाबा आनंदनगरला भांडी घासायच्या पावडरीच्या कारखान्यात होते. घरी यायचे ते भुवयांपर्यंत पांढरे होऊन. आई त्यांना दारातच थांबवून पंच्याने झटकायची. ते खोकायचे. त्यांच्या खात्यातले सगळेच खोकायचे.

एका रविवारी त्यांनी माझ्यासमोर वर्तमानपत्राची पुडी ठेवली.

"खात्यातल्या लोकांनी दिलीय. तुझ्या मशिनीत टाकून बघ ना, ह्याच्यानं खोकला लागतो काय. साहेब बोलतात, नुसती रांगोळी आहे."

मला हसू फुटलं. "बाबा, माझी धूळ वरची. ही घेऊन मी काय करू?"

"धूळ ती धूळच ना? मी त्यांना हो बोलून आलोय."

त्यांचं मन मोडायला नको म्हणून पुडी घेतली आणि प्रयोगशाळेतल्या खणात टाकली. पावसाळा गेला, थंडी गेली. बाबांनी दोन-तीनदा विचारलं, "झालं काय गं?" मी थाप मारली, "मशिनला नंबर लागलाय." मग त्यांनी विचारणं सोडलं.

पुढे आमच्या सरांनी सांगितलं, आकाशातल्या धुळीशी ताडून बघायला इथल्या दगडांच्या भुकट्या हव्यात. प्रत्येक खनिज अवरक्तातले आपापले ठरावीक किरण शोषून घेतं आणि आलेखात नेमका तिथे खळगा पडतो. नमुने गोळा केले, एक कमी पडला. तेव्हा मला पुडी आठवली.

आलेखात दोन खळगे आले, अगदी शेजारी शेजारी. ते मला पाठ होते. ही रांगोळी नव्हती, पिठासारखी दळलेली गारगोटी होती. ग्रंथालयात जाऊन वाचलं. ही भुकटी छातीत गेली की तिथेच राहते, आणि फुप्फुस हळूहळू कडक होत जातं.

घरी येऊन आलेख बाबांपुढे पसरला. खळग्यांवर बोट ठेवून सगळं सांगितलं. पुडी आठ महिने खणात पडून होती, हेही सांगितलं. मला माझीच लाज वाटत होती, रडू आवरत नव्हतं.

बाबा कागदाकडे बघत राहिले. "वर पण हीच असते काय?"

"हिच्या नात्यातलीच."

"मग मी बरोबरच बोललो होतो," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी आलेख घडी करून कामावर घेऊन गेले.

बरीच भांडणं झाल्यावर खात्यात मास्क आले, पाण्याचे फवारे आले. तोवर बाबांच्या छातीत साठायचं ते साठून गेलं होतं.

मला पदवी मिळाली तेव्हा पाड्यातल्या बुद्धविहारात सत्कार ठेवला होता. त्यांच्या खात्यातले लोक पुढेच बसले होते. बाबा बोलायला उभे राहिले, दोन वाक्यांत तीनदा दम घ्यायला थांबले.

"ही आमची धुळीची डॉक्टर," ते म्हणाले. "हिनं आम्हाला वेळेवर सांगितलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून बसले.