गयाआत्याची सही

गयाआत्या आमच्याकडे आली की चपला काढताना त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवी. मांजरसुंब्याला एसटी बदलून आलेली ही बाई पाण्याचा तांब्या हातात घेताच विचारी, "परतीची गाडी कितीला हाय?" चहा उभ्यानं, जेवणही निम्मं उभ्यानं. आत्ता गोठ्यात, तर लगेच चुलीपाशी. आई वैतागून म्हणे, "आक्का, जरा टेका की."

"लेकीनं माहेरात लई टेकू न्हाई. जड वाटाया लागती."

ती हे हसत म्हणे. मला मात्र हसू येत नसे.

बाबा आणि ती, दोनच भावंडं, ती थोरली. आजोबा वारल्यावर सातबाऱ्यावर बाबांच्या नावाखाली तिचंही नाव लागलं आणि बाबांची झोप उडाली. "आक्का चांगली हाय," ते म्हणत, "पर तिच्या पोरांचा काय भरवसा?" आमच्याकडे यावरचा उपाय ठरलेला आहे. बहिणीला बोलवायचं, पुरणपोळी खाऊ घालायची, भारीतली साडी नेसवायची आणि नोंदणी कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यायची. सही दिली तर माहेर राहतं. न देणारीला पंचमीला न्यायला कुणी जात नाही. कायद्यानं लेकीला लेकाइतकाच वाटा दिलाय, पण माहेर कायद्यात बसत नाही.

आत्याला हे सगळं ठाऊक होतं. साडी नेसून ती मुकाट जीपमध्ये बसली. मीही सोबत होते. वाटेत ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

कार्यालयात साहेबांनी कागद वाचून दाखवला. 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देते की...' मग त्यांनी विचारलं, "आजी, कबूल आहे ना?"

"राजी हाय," आत्या म्हणाली. "अक्कल बी हाय थोडीफार. खुशी तेवढी न्हाई."

मागची माणसं हसली. बाबा कानाशी पुटपुटले, "आक्का, ते तसंच लिव्हायचं असतंय."

"मग खुशी खोडा. बाकीच्यावर करती सही."

"तसं चालत नाही," साहेब म्हणाले. "मनाविरुद्ध असेल तर मला हे नोंदवता येणार नाही."

सही करायची तिची तयारी होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. तिला फक्त खोटं लिहून द्यायचं नव्हतं. तिनं पेन खाली ठेवलं. बाबा एकटेच जीप घेऊन निघून गेले. आम्ही दोघी एसटीनं आलो.

त्या पंचमीला बाबा तिला आणायला गेले नाहीत. आईनं दोनदा विषय काढला आणि दोनदा बोलणी खाल्ली. सणाच्या सकाळी शेजारीण सांगत आली, "तुमची गयाबाई वावरात हाय!" मी पळतच गेले. वाटणी झाली नव्हती, पण लिंबाच्या खालचं आपलं, असं आत्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. तेवढ्या तुकड्यात ती कापसातलं गवत उपटत इकडून तिकडे फिरत होती.

मागोमाग बाबा आले. बांधावरूनच ओरडले, "बोलावल्याबिगर कशाला आलीस?"

"तुज्या घरी कुटं आले, भानुदासा? माहेराला बोलावणं लागतंय. वावराला न्हाई लागत."

मला वाटलं, आता तरी बाबा 'घरी चल' म्हणतील. ते बांधावरूनच माघारी वळले. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही ती थांबत नव्हती. बाबांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

पुढे दर पंचमीला ती आली आणि वावरातूनच परत गेली. आई माझ्याकडे पुरणपोळीचा डबा देई. बाबा पाहून न पाहिल्यासारखं करत.

यंदा आत्या वारली. दहाव्याला गेलेल्या बाबांना तिच्या थोरल्या लेकानं बाजूला घेतलं. म्हणाला, "मामा, आमाला वाटा नको. आई म्हणायची, मी हाय तवर नाव ऱ्हाऊ द्या, मला पंचमीला जायला जागा लागती. मी गेल्यावर मामाला सही देऊन टाका."

भाच्यांनी सही द्यायचा कागद आता तयार आहे. बाबा तो हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारत राहतात. कार्यालयात कधी जायचं, असं मी रोज विचारते.

"उद्या जाऊ," म्हणतात.