वहिनींची म्हैस

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून अंगारेधुपारे गेले. तरी हे लिहितोय, कारण परवा हृदय बदललेल्या रुग्णांवरचा एक लेख वाचला. नवं हृदय नीट चालत असतानाही कधी कधी ठोक्यांची लय बिघडते आणि माणूस अचानक जातो, असं त्यात होतं. वाचून थोरल्या वहिनी आठवल्या. त्यांचं हृदय कुणी बदललं नव्हतं, फक्त त्याची चाल बदलली होती.

आमचं गाव तेरजवळ, तेरणेच्या काठावर. ऐंशीच्या दशकातला दुष्काळ, नदीत नुसती वाळू. दूध संस्थेकडून मिळालेली एक म्हैस दारात होती आणि ती फक्त वहिनींना धार देई. कुशीला डोकं टेकवून त्या बसल्या की पान्हा सोडी, दुसऱ्या कुणाला लाथ.

वहिनींच्या हृदयाचे ठोके मधेच अडखळत. चुलीपुढं दोनदा बेशुद्ध पडल्या, तेव्हा माझ्या थोरल्या भावानं – दादांनी – त्यांना पुण्याला नेलं. तिथं छातीत पेसमेकर बसवला. नाडी एकदम नियमित झाली.

विश्रांती संपवून वहिनी पहिल्यांदा धारेला बसल्या, तर म्हैस बाजूला सरली. लाथ नाही मारली, पण पान्हाही नाही. औषधांचा वास येत असेल म्हणून वहिनींनी जुनं लुगडं नेसून पाहिलं, पेंड चारून पाहिली. उपयोग शून्य. रेडकू पीत होतं म्हणून दूध आटलं नाही, एवढंच.

"जनावर आहे वहिनी, येईल वळणावर," मी म्हणालो.

"तसं न्हाय भावजी. कुशीला डोकं लावलं की ती कान टवकारती. आत माझं चालत न्हाय, दुसऱ्याचंच चालतंय, हे तिला कळतंय."

त्यांचं जेवण तुटलं. मरणातून परतलेलं माणूस म्हशीसाठी झुरतंय, याचा मला तर रागच येई.

उन्हाळ्यात वहिनींना पुन्हा चक्कर यायला लागली. दादांनी पुण्याला दाखवायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी वहिनी सहज गोठ्याकडं गेल्या. त्यांना लांबून बघताच म्हैस रेकली, आणि त्यांनी हात लावायच्या आधीच सडांतून दूध ठिबकायला लागलं. हे मी स्वतः पाहिलंय, दात घासत अंगणात उभा होतो. चरवी काठोकाठ भरली.

"वळखलं बघा मला," वहिनी म्हणाल्या. "आता म्या बरी झाले. कशाला जायचं पुन्याला?"

आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं – मलासुद्धा. जनावराला आधी कळतं, हे आमच्याकडं डॉक्टरपेक्षा जास्त मानतात. दादांनी भरलेली पिशवी खुंटीला अडकवली. कोऱ्या चहाची सवय झालेल्या घरात दुधाचा चहा झाला. वहिनींनी सगळ्यांना दिला, स्वतःची बशी उचलली आणि तशाच भिंतीला टेकल्या. गेल्या.

मशीन अंगात ठेवून दहन केलं तर ते फुटतं, असं पुण्याच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. धाराशिवच्या डॉक्टरांनी ते काढून दिलं. नंतर मी आणि दादा ते घेऊन पुण्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं.

"मशीन अगदी नीट आहे, शेवटपर्यंत चालू असणार," ते म्हणाले. "पण ते चालू असतानाही लय अचानक बिघडू शकते."

मला पटलं. आजही पटतं. त्या दिवशी निघालो असतो तर काय झालं असतं, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दादांनी एवढंच विचारलं, "शेवटपर्यंत मशीनच चालत व्हतं, तर मग त्या सकाळी म्हशीनं वळखलं कुनाला?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. शिकलेला म्हणून मी काहीतरी बोलेन, असं त्यांना वाटलं असावं. मी टेबलावरचं मशीन उचलून दादांच्या हातात दिलं.