आप्पांची मूठ

घाटनांदूरला किराणा विकणारे माझे आप्पा, मल्लिनाथ, हट्टाला पक्के. मी मशीनवर काम करायला बीडजवळच्या मनोरंजन पार्कात आले, तर "तू माझी लेक न्हाईस" म्हणून वर्षभर बोलले नाहीत. त्या दिवशी मात्र स्वतःहून आले. पाळणे कसे फिरतात, ते आतून दाखवायची फेरी मीच नेते.

दारात मी सगळ्यांना सांगितलं, "गळ्यातलं काढून कपाटात ठेवा. दोरा गिअरमध्ये ओढला जातो."

आप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. "दीक्षेपासून हे अंगावेगळं केलं न्हाई."

"मग बाहेर बसा!"

त्यांनी दोरा काढून गुंडाळला, इष्टलिंग मुठीत आवळलं आणि आत शिरले. आकाशपाळण्याखाली उतरणाऱ्या शिडीला दोन्ही हात लागतात. मी आधी उतरले. आप्पा एका हातानं येऊ लागले. शेजारी मोठं चाक गरगरत होतं. मधेच त्यांचा पाय ग्रीसवर घसरला आणि ते एका हातावर लोंबकळले.

"आप्पा, मूठ सोडा! शिडी धरा!"

मूठ सुटेना. शिडीवरची बोटं मात्र निसटायला लागली. मी दोन पायऱ्या चढून हात वर केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या तळहातावर मूठ उघडली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

खाली आल्यावर मी ओरडले, "एवढा हट्ट कावून केला? शेवटी झालंच की अंगावेगळं!"

आप्पांनी इष्टलिंग परत घेतलं, कपाळाला लावलं.

"कुटं झालं?" ते म्हणाले. "माज्या लेकीच्या हातात व्हतं की."